चुना पावसाळ्यात, कुत्री हिवाळ्यात

म्हापशात माझं चित्रांना फ्रेम घालायचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. चित्रकार काम घेऊन येतो, पट्टी सागवानी की पॉलिशची हे ठरेपर्यंत स्टुलावर बसतो आणि तेवढ्यात एकदा तरी म्हणतो, "नोकरीमुळे वेळच मिळत नाही हो." मी मान डोलावतो. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मलाही वेळ मिळाला नाही, म्हणून तर मी दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी घालत बसलोय. पण खाली जिचं प्रकरण मांडतोय, तिच्यामुळे माझी मान जरा कमी डोलायला लागली. तिला वेळ मिळत होता. रोज मिळत होता. त्याचा उपयोग होत नव्हता.

तिची अट एकच: नाव नको. पर्वरीच्या ज्या दुकानात ती कुत्र्या-मांजरांचं ग्रूमिंग करते, म्हणजे आंघोळ घालते, केस-नखं कापते, तिथली गिऱ्हाईकं मराठी वाचत नाहीत असं मी म्हणालो. ती म्हणाली, "दादा, त्यांच्या घरी काम करणाऱ्या बायका वाचतात."

ती आणि तिचं काम

घर मोरजीला, आई आणि ती. माझ्याच महाविद्यालयातली, माझ्यानंतर पंधरा वर्षांनी शिकलेली. तिच्या काकांची चित्रशाळा आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गोव्यात चित्रशाळा म्हणजे चवथीच्या गणपतीच्या मातीच्या मूर्ती घडतात ती जागा. लहानपणापासून तिचे हात चिकणमातीत. पण तिला वेड लागलं ते कावीचं, आणि तेही घराशेजारी. मोरजाईच्या देवळात कावीची चित्रं आहेत. शाळेतून येताना ती तिथं थांबायची.

कावी ही भिंतीवरची कला, कोकणाची आणि गोव्याची. शिंपल्या भाजून केलेला चुना, वाळू, गुळाचं पाणी. हे मिश्रण पंधरा-पंधरा दिवस मुरवायचं, कुटायचं, त्याचा गिलावा करायचा. तो ओला असतानाच वर तांबड्या कावेचा पातळ थर चढवायचा आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटायचा. मग पोलादी काट्यानं तांबडं खरवडून खालचं पांढरं उघडं करायचं. रंग दोनच. चुकलं तर खोडायची सोय नाही. मुख्य म्हणजे थर ओला आहे तोवरच काटा चालतो; चुना आवळला की कडा तुटायला लागतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, सगळं प्रकरण तिच्याभोवतीच फिरतं. देवळाच्या भिंती कोण देणार, म्हणून ती दोन बाय दोन फुटांच्या सिमेंटच्या पाट्यांवर काम करते. अशी एक पाटी दहा-बारा किलोंची होते. भिंतीला टांगायची कशी हे माझं दुखणं, त्यावर वेगळं लिहीन.

पोटासाठी आधी एका खाजगी शाळेत चित्रकलेची बाई म्हणून दोन वर्षं काढली. तिथं पगार वेळेवर होत नसे. मग ही नोकरी. करोनानंतर आसगाव, शिवोलीकडे बाहेरची माणसं राहायला आली आणि आपापली कुत्री घेऊन आली: गोल्डन रिट्रीवर, शित्झू आणि या दमट हवेत हस्की. हस्की इथं का आणतात हे मला कळत नाही, पण त्यांच्यामुळे तिला महिना सतरा हजार मिळतात.

दिवसाचा हिशेब

सकाळी साडेआठला स्कूटरनं निघायचं, चोपडे-शिवोली पूल ओलांडून म्हापशावरून पर्वरी. संध्याकाळी सातला सुटका, आठला घर. जेवण, आईशी दोन शब्द, आणि साडेआठ ते साडेदहा "कला". असं दोन वर्षं चाललं. त्यातल्या शेवटच्या वर्षात, म्हणजे 2024 मध्ये, तीन पाट्या पुऱ्या झाल्या आणि पाच फुकट गेल्या.

मी तेव्हा तिला दिलेला सल्ला इथं नोंदवतो, कारण तो चुकीचा होता. मी म्हणालो, नोकरी सोड, वर्षभर फक्त कावी कर. तिनं शांतपणे विचारलं, "आणि दर महिन्याला पाटी तू विकत घेशील?" दुसरा सल्ला सगळ्यांचाच असतो: पहाटे उठ. तिनं तोही करून पाहिला. पाचला उठून सातपर्यंत काम करायची आणि साडेनऊला घाबरलेल्या पामेरियनची नखं कापायची. काळ्या नखात आतली शीर दिसत नाही. चिमटीनं थोडं थोडं कापत जायचं आणि मधोमध ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. झोप नसेल तर तो ठिपका चुकतो आणि रक्त येतं. आठवड्यात दोनदा रक्त आलं, पहाटेचा प्रयोग बंद.

तिसरा सल्ला अधिक गोड होता, म्हणून अधिक महाग पडला. दुकानाच्या मॅडम म्हणाल्या, तू चित्रकार आहेस ना, मग गिऱ्हाइकांच्या कुत्र्यांची चित्रं काढ! दोन कामांचं एक होईल. ऐकायला किती सरळ. फोटोवरून जलरंगात एक चित्र, तीन हजार रुपये. पहिल्या तीन महिन्यांत चौदा मागण्या आल्या. ती खूश, मीही खूश, कारण फ्रेम माझ्याकडेच.

मग आसगावच्या एका बाईंचा बारा वर्षांचा लॅब्राडोर वारला. त्यांनी चित्र मागितलं. तिनं काढलं, चांगलं काढलं. बाईंचा रात्री अकराला फोन: उजवा कान थोडा अधिक पडलेला असायचा. तिनं बदललं. पुन्हा फोन: डोळ्यांत ती चमक नाही. पुन्हा बदललं. चौथ्या खेपेला बाई फोनवर रडायला लागल्या, आणि तिला कळलं की चित्रात काही बदलून उपयोग नाही, कुत्रा परत येणार नाही. तिनं पैसे घेतले नाहीत. पुढचा आठवडाभर काट्याला हात लावला नाही. मला म्हणाली, "दिवसभर कुत्रं धरते ते अंगाने. रात्री धरते ते मनाने. मला कुठंच सोडायला मिळत नाही."

कलेला मिळताजुळता जोडधंदा ही लोकांना मोठी सोय वाटते. मला वाटतं, तो थोडा लांबचाच बरा. आपल्याकडे चित्रकाराची नोकरी म्हटली की शिकवणं आठवतं. लक्ष्मण पै 1977 ते 1987 आमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते, वामन नावेलकर मोझांबिकमध्ये शिकवत. शिकवण्यात दिवसभर डोळा आणि बोलणं झिजतं, हात बऱ्यापैकी राखून राहतो. ग्रूमिंग हे हाताचं काम. आणि हिची कलाही हाताचीच, त्यातही अंगठ्याची.

अंगठा

डिसेंबर 2024 चा शेवट. गावागावात सीझन, मालक लोक फिरायला, दुकानाच्या मागच्या बोर्डिंगमध्ये एकही खोली रिकामी नाही. त्या पंधरवड्यात ती रोज सहा-सात कुत्री करत होती. शित्झूच्या कानामागे, काखेत केसांची जटा होते, ती कंगव्याच्या दातांनी सोडवायची म्हणजे अंगठा आणि मनगट तासभर एकाच कोनात. त्यात कातरीयंत्राची थरथर. यंत्राचं पातं तापलंय का हे पाहायला ती ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवते. कुत्र्याला चटका नको. शिवाय दिवसभर शाम्पूचं पाणी आणि रात्री चुना. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. ‘चुना लावते’ म्हणून आम्ही तिला चिडवायचो, ते त्या दिवसांत बंद केलं.

जानेवारीत अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू झाली. किल्ली फिरवताना, पोळी लाटताना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला सांगितला, मनगट करंगळीकडे वाकवलं, आणि ती किंचाळली. डी क्वेर्व्हेन नावाचा त्रास: अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या ज्या नळीतून सरकतात तिथं सूज. तेच ते काम वारंवार करणाऱ्यांना होतो, तान्ही मुलं सतत उचलणाऱ्या आयांनाही होतो. अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारी पट्टी बांधायची, विश्रांती द्यायची. नाहीच राहिलं तर इंजेक्शन. दुकानानं तीन आठवडे तिला आंघोळीवरून काढून काउंटरवर बसवलं. काटा तर नाहीच.

या सक्तीच्या रिकामपणात ती रोज संध्याकाळी माझ्या दुकानात यायची. मी माझी जुनी खतावणी काढली आणि म्हणालो, चल, लिहू. हात बरा होऊन ती कामाला लागली तशी मार्चमध्ये चार आठवडे तिनं रोजची नोंद ठेवली. मी फक्त बेरजा केल्या.

अठ्ठावीस संध्याकाळपैकी अकरा संध्याकाळी ती कावीला बसली. एकूण सतरा तास. त्यातले खरे काट्याचे तास पाच. उरलेले बारा चुना कालवण्यात, गिलावा थापण्यात, ओलं पोतं झाकण्यात, भांडी धुण्यात गेले, आणि हे सगळं दर वेळी नव्यानं. साडेआठला थर चढवायचा, तो घोटण्याजोगा होईपर्यंत साडेनऊ, तासभर खरवडलं की झोप. सकाळपर्यंत थर आवळलेला. पाच पाट्या फुकट का गेल्या त्याचं उत्तर खतावणीत होतं. दोन तासांच्या तुकड्यात मावणारी ही कलाच नव्हे. जलरंग मावेल, रेखाटन मावेल. कावीला एका दमात सहा-सात तास लागतात. तिनं जगभरचे "रोज थोडं थोडं" वाले उपदेश ऐकले होते, पण ते देणाऱ्यांपैकी कुणी ओल्या चुन्यावर काम केलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट ती सहज बोलून गेली, आणि माझा पेन थांबला. तीन पुऱ्या झालेल्या पाट्यांपैकी दोन 2024 च्या जुलैमधल्या होत्या.

पाऊस

चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो. एप्रिल-मेच्या वाऱ्यात पाणी भराभर उडतं, थर तीन-चार तासांत हाताबाहेर जातो, वर बारीक भेगा. आषाढात, मोरजीच्या समुद्राकडून येणाऱ्या ओल्या हवेत, पोतं झाकलं तर तोच थर दुसऱ्या दिवशी सकाळीही काटा घेतो. गुळामुळेही तो उशिरा आवळतो. म्हणजे पावसात तिला दुप्पट-तिप्पट वेळ मिळत होता, आणि हा वेळ नोकरीतून कापून काढलेला नव्हता, हवेनं दिलेला होता. बुरशीचं काय, असं मी विचारलं. ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही, तो फार तीव्र असतो. फ्रेमवाल्याला हे माहीत हवं होतं, मी ओशाळलो.

मग दुकानाची बाजू मांडली. बोर्डिंगची गर्दी कधी? डिसेंबर-जानेवारी, दिवाळी, मे. जुलैत खोल्या रिकाम्या. पावसात गोचीड आणि ओल्या केसांच्या वासामुळे आंघोळीला कुत्री येतात, पण जटा सोडवायची मोठी कामं कमी. आणि डिसेंबरात मॅडमना रात्रपाळीला माणूस मिळत नाही. मिळाला तर दुप्पट मागतो आणि थर्टी फर्स्टला गायब होतो. ही अडचण मॅडमनी तिला कधी सांगितली नव्हती, तिनंही कधी विचारली नव्हती. दोघीही रोजच्या वेळापत्रकावर बोलत होत्या: अर्धा तास लवकर सोडा, शनिवारी उशिरा येते, असलं काहीतरी.

तिनं मॅडमपुढे मांडलेला प्रस्ताव असा. जुलै आणि ऑगस्ट आठवड्याला तीनच दिवस काम, पगार त्या प्रमाणात कमी. बदल्यात 15 डिसेंबर ते 5 जानेवारी एकही रजा नाही आणि आठवड्याला तीन रात्री बोर्डिंगची पाळी, तिचे वेगळे पैसे. दिवाळीतली नरकासुराची रात्रही तिचीच. ज्यांनी ती रात्र गोव्यात काढली नाही त्यांना सांगतो: पहाटे पुतळे जाळेपर्यंत नाक्यानाक्यावर भोंगे आणि फटाके, आणि बोर्डिंगमधली कुत्री थरथरत खाटेखाली. पंखे लावायचे, रेडिओ चालू ठेवायचा, पडदे ओढायचे, जमिनीवर त्यांच्यात जाऊन बसायचं. पूर्वी ती त्या रात्री वाड्यावरच्या पोरांसाठी नरकासुराचं तोंड रंगवायची. ते सुटलं. त्याचं तिला वाईट वाटतं, आणि मला ते खोटं समजावणं जमत नाही.

अंगठ्यासाठी दोन मागण्या होत्या. एक, दिवसाला जास्त केसांची दोनच कुत्री. दुसरी, जटा फारच घट्ट असेल तर ती सोडवत बसायचं नाही, केस मुळाशी बारीक करायचे आणि मालकाला तसं आधीच सांगायचं. यात कुत्र्याचंही भलं, कारण घट्ट जटा ओढणं म्हणजे त्याची कातडी ओढणं. फक्त हस्की-गोल्डनला हे लागू नाही. त्यांच्या दुहेरी केसांवर यंत्र फिरवलं तर केस पुन्हा नीट येतीलच असं नाही, आणि उन्हापासूनचा आडोसाही जातो.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी होकार दिला. मला वाटलं होतं महिनाभर घासाघीस होईल. त्या म्हणाल्या, डिसेंबरसाठी लिहून दे.

कुत्र्यांच्या चित्रांचंही तिनं ठरवलं. फक्त जानेवारी ते मार्च, महिन्याला दोन. जिवंत कुत्र्याचीच. पाच हजार.

2025 मध्ये काय झालं

पैशाचं आधी सांगतो, कारण लोक ते शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत. जुलै-ऑगस्टचा मिळून पगार साधारण सतरा हजारांनी बुडाला. डिसेंबरच्या रात्रपाळीतून अकरा हजार परत आले. कुत्र्यांच्या चित्रांचे, यंदाच्या जानेवारी ते मार्चचे, तीस हजार, कागद-रंग-फ्रेम जाऊन एकोणीस. स्कूटरचा हप्ता चुकला नाही. आईनं मात्र ऑगस्टभर "पगार अर्धा नि घरभर चुना, हे कसलं गो काम" हे पालुपद धरलं होतं.

पाट्या झाल्या नऊ. फुटली एक, तीही माझ्या दुकानात, माझ्या हातून. हळदोण्याच्या एका जुन्या घराचं काम करणाऱ्या माणसानं दोन घेतल्या. उरलेल्या तिच्या पडवीत भिंतीला टेकून आहेत. प्रदर्शनाचं विचाराल तर अजून काही नाही. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटीचा महोत्सव भरतो, सगळे कलाकार तिकडे, आणि ही पर्वरीत बीगलला औषध पाजतेय. ज्या महिन्यात ओळखी होतात नेमका तोच महिना तिनं विकलाय. हा सौद्यातला तोटा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक प्रयोग फसला तोही सांगतो. गिलाव्याला तडे जाऊ नयेत म्हणून जुन्या काळी चुन्यात तंतू, जनावरांचे केस मिसळत. तिनं हस्कीच्या अंगावरचे विंचरून निघालेले केस खालच्या थरात घातले. फुकटचा माल, पोत्यानं उपलब्ध. पण तो आतला लोकरीसारखा मऊ केस. पसरलाच नाही, गोळे झाले. पाटी परसात माडाच्या मुळाशी गेली.

सप्टेंबरात एका मांजरानं तिच्या तर्जनीला कडकडून चावा घेतला. नोकरीला लागतानाच रेबीजची आधीची लस घेतलेली होती, त्यामुळे त्या दिवशी एक आणि तीन दिवसांनी एक अशा दोनच सुया पुरल्या. या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकानं ती लस आधी घ्यावी, पगाराची बोलणी नंतर. बोट पंधरा दिवस सुजलेलं होतं. हाच चावा जुलैत बसला असता तर नऊच्या जागी पाच पाट्या झाल्या असत्या. तेव्हा यात नशिबाचाही वाटा आहे.

अंगठा? दुखतो. पट्टी स्कूटरच्या डिकीत असते. पण जानेवारी 2025 सारखा बंद पडलेला नाही.

यंदाची अडचण

सगळी मांडणी 2025 च्या पंचांगावर बसवलेली होती. गेल्या वर्षी चवथ 27 ऑगस्टला आली. त्यामुळे जुलै ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा कावीला, मग दोन आठवडे काकांच्या चित्रशाळेत. काकांची नजर आता कमी झालीय, मूर्तींचे डोळे गेली तीन वर्षं तीच काढते, आणि त्याला नाही म्हणायचा प्रश्नच येत नाही. ऑगस्ट संपला, पुन्हा पूर्णवेळ नोकरी. चपखल बसलं.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे. चवथ थेट 14 सप्टेंबरला. म्हणजे चित्रशाळेचे दोन आठवडे सप्टेंबरात सरकले, जेव्हा करारानं ती दुकानात पूर्णवेळ हवी. मोकळीक पंधरा जुलै ते पंधरा सप्टेंबर मागावी, तर जुलैचा पहिला, सगळ्यात भरवशाचा ओला पंधरवडा हातचा जातो. दोन महिन्यांचे अडीच मागावेत, तर डिसेंबरात आणखी काय द्यायचं?

मॅडम बंगळूरच्या. परवा ही त्यांच्यासमोर कालनिर्णय घेऊन बसली होती. एका वर्षात तेरा महिने कसे येतात हे समजावून देता देता दुपारचे दोन वाजले आणि टेबलावरचा पूडल अर्धा कापलेला तसाच उभा होता. मॅडमनी एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी पण असंच?" पुढच्या वर्षी अधिक महिना नाही, चवथ पुन्हा सप्टेंबरच्या सुरुवातीला येईल, असं हिनं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पुढच्या पाच वर्षांच्या चवथीच्या तारखा एका कागदावर लिहून आण.